कुठे थांबायचं? खडी फोडण्याच्या यंत्राची एक समीक्षा



समीक्षा म्हटलं की कविता, कादंबरी, फार तर नाटक, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. आज आम्ही खडी क्रशरची समीक्षा करणार आहोत. विषय ऐकून काही जणांना हसू आलेलं दिसतंय. हरकत नाही. माणसाने विचारपूर्वक घडवलेली कुठलीही वस्तू समीक्षेला पात्र असते, कारण तिच्यात निवड केलेली असते. काय साधायचं, काय सोडून द्यायचं, कुणाची सोय बघायची आणि कुणाची नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. ते तपासणं म्हणजे समीक्षा.

आणि हा विषय नरसिंहपुरात बोलण्यालाही अर्थ आहे. इथे नीरा भीमेला मिळते. एका तीरावर आपला इंदापूर, पलीकडे माळशिरस आणि माढा. इथल्या नृसिंहाची मूर्ती प्रल्हादाने वाळूची घडवली, अशी परंपरा सांगतात. ज्या गावाचा देवच वाळूचा, त्या गावाला वाळू म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागू नये. पण नदीतली वाळू संपत चालली. वर उजनी, नीरेवर वीर. धरणं नुसतं पाणी अडवत नाहीत, वाळूही अडवतात. जी खाली उरली तिचा उपसा कसा झाला हे तुम्ही आमच्याहून जास्त पाहिलं आहे. म्हणून आता डोंगर फोडून वाळू करायची. 2025 मध्ये राज्य शासनाने कृत्रिम वाळूचं धोरणही आणलं. म्हणजे यापुढे हे यंत्र आपल्या शेजारी राहणार. शेजाऱ्याची ओळख करून घेतलेली बरी.

आधी दगडाची बाजू. आपला काळा पाषाण, बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. दाबाला हा दगड भलता चिवट. नेहमीच्या काँक्रीटच्या कितीतरी पट दाब सोसतो. पण त्याला ताणलं तर? ताणाला तो दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच टिकतो. आपल्या वडार समाजातल्या कारागिरांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. ते दगड वाचतात, त्यातली शीर ओळखतात, तिथे छिन्नीने भोकांची ओळ पाडतात, पाचर बसवतात आणि घण घालतात. पाचर दगडाला आतून दोन बाजूंना ताणते आणि दगड सरळ रेषेत उकलतो. कमी जोर, नेमका भाग. यंत्राला शीर दिसत नाही. समोर आलेला प्रत्येक दगड त्याला सारखाच. वाचता येत नाही त्याने काय करायचं? भरपूर जोर लावायचा. क्रशरच्या रचनेचं मूळ इथे आहे.

आता यंत्राकडे येऊ. अमेरिकेत न्यू हेवन गावाजवळ रस्त्यावर खडी घालायची होती आणि ती हाताने फोडायला फार वेळ लागत होता. एली व्हिटनी ब्लेक नावाच्या माणसाने त्यावर काही वर्षं डोकं चालवलं आणि 1858 मध्ये जबडा क्रशरचं पेटंट घेतलं. कापसाची सरकी काढणारं यंत्र करणाऱ्या एली व्हिटनीचा हा पुतण्या-भाच्यांपैकी. आज इंदापूर-बारामतीच्या माळावर जो पहिल्या टप्प्याचा क्रशर धडधडतो, त्याचा मूळ विचार ब्लेकचाच आहे. पावणेदोनशे वर्षं होत आली, विचार टिकला. याला अभिजात कृती म्हणायला आमची हरकत नाही.

त्यात काय आहे? दोन पोलादी जबडे, वर रुंद, खाली अरुंद. एक स्थिर, एक हलणारा. हलणाऱ्या जबड्याच्या पाठीमागे टॉगल प्लेट. गुडघा वाकलेला असताना पाय सरळ करत न्या, शेवटच्या बोटभर अंतरात केवढा जोर येतो बघा. टॉगलचं तेच तत्त्व. पुढे एकाच टॉगलचे क्रशर आले, त्यांत जबडा थोडा वरखालीही घासतो. काम जास्त, प्लेटची झीजही जास्त. जबडा एका फेऱ्यात अर्धा वेळच दगड दाबतो, उरलेला अर्धा वेळ मागे सरकतो. त्या रिकाम्या वेळात मोटरची शक्ती जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, साठते आणि दाबताना परत मिळते.

या रचनेतल्या तीन गोष्टी आम्हाला मनापासून आवडतात.

पहिली, जबड्यांमधला कोन. तो साधारण वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास ठेवतात. जास्त ठेवला तर घर्षण कमी पडतं आणि दगड पकडीतून वर उसळतो, फुटत नाही. लोभाने तोंड मोठं केलं की घास निसटतो.

दुसरी, टॉगल प्लेट मुद्दाम सगळ्यांत कमजोर ठेवलेली असते. खडीबरोबर पोकलेनच्या बकेटचा दात आत गेला, तर ती प्लेट तुटते आणि बाकीचं यंत्र वाचतं. आपण कधी चुकणार हे गृहीत धरून कुठे मोडायचं ते आधीच ठरवून ठेवणं, हा फार मोठा विचार आहे. आमच्या बऱ्याच संस्थांना तो अजून जमलेला नाही.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची. दगड फुटला, खालच्या फटीइतका लहान झाला, की तो लगेच गळून पडतो. जेवढा हवा तेवढा झाला, आता जा. जातं तसं करत नाही. जात्यात दाणा खुंट्याजवळ पडतो आणि पाळीच्या काठापर्यंत दळत दळतच जातो. पिठाला तेच हवं. खडीला नको. ब्लेकच्या यंत्राचं मोठेपण फोडण्यात जितकं आहे, त्याहून जास्त थांबण्यात आहे.

आता आमच्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे, जरा वळू द्या. वैशेषिक दर्शनाचा कर्ता कणाद. नावाचा अर्थ, कण खाणारा. न्याय-वैशेषिकांचा एक युक्तिवाद आहे. वस्तूचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे, असं अंत नसलेलं चालू शकलं, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा सारखेच ठरतील, कारण दोघांचेही अवयव अनंत. म्हणून विभाजनाला कुठेतरी शेवट हवा, तो परमाणू. हा युक्तिवाद बरोबर की चूक, ते आज बाजूला ठेवू. प्रश्न मात्र क्रशरवाल्याचाच आहे. किती फोडायचं? कुठे थांबायचं?

कणादांना परमाणू सापडला. इंजिनिअरला विजेचं बिल सापडतं. 1867 मध्ये रिटिंगरने म्हटलं, जितका नवा पृष्ठभाग तयार होतो तितकी ऊर्जा लागते. 1885 मध्ये किकने म्हटलं, किती पटीने बारीक केलं तेवढंच बघा. 1952 मध्ये बाँडने दोघांच्या मधला मार्ग काढला. उदाहरण घ्या. 100 मिलिमीटरचा दगड 20 चा केला. पाचपट बारीक. मग 20 ची खडी 4 ची केली. पुन्हा पाचपट. किक म्हणतो, दोन्हींना सारखाच खर्च. रिटिंगर म्हणतो, दुसऱ्याला पाचपट. बाँड म्हणतो, सव्वादोन पट. कामाच्या हिशेबात बहुधा बाँड धरतात. तिघांत एकमत नाही, पण दिशा स्पष्ट आहे: खडीहून वाळू महाग, वाळूहून भुकटी महाग. आणि फार बारीक दळणाऱ्या यंत्रांत तर घातलेल्या ऊर्जेतला एखाद-दुसरा टक्काच नवा पृष्ठभाग करण्यात जातो. बाकी उष्णता, आवाज, धडधड.

आता समीक्षेची दुसरी बाजू. कृत्रिम वाळू करताना नुसता आकारमानाचा प्रश्न राहत नाही, आकाराचाही होतो. जबड्यातून निघणारे तुकडे बरेचदा चपटे, धारदार. चपटी खडी काँक्रीटमध्ये नीट बसत नाही, सिमेंट-पाणी जास्त मागते. म्हणून भारतीय मानक 383 मध्ये चपट्या आणि लांबट कणांची एकत्र मर्यादा 40 टक्के घातली आहे. त्यावर उपाय म्हणून तिसऱ्या टप्प्याला उभ्या अक्षाचं यंत्र येतं, ज्याला क्रशरवर नुसतं व्हीएसआय म्हणतात. न्यूझीलंडमधल्या बार्टली आणि मॅकडोनाल्ड यांनी त्याचा एक सुंदर प्रकार काढला, दोघांच्या नावांवरून बारमॅक. त्यात दगड वेगाने भिरकावला जातो तो पोलादावर नाही, तर आत साचू दिलेल्या दगडांच्याच थरावर. दगडाने दगड फुटतो, आणि दगडच यंत्राला दगडापासून वाचवतो. कणांच्या धारा झडतात, ते गोलसर होतात. नदीही हेच करत होती की! दगडाला दगड घासत, हजारो वर्षं.

पण धार झडली ती गेली कुठे? तिची झाली धूळ. कण जितका गोल, भुकटी तितकी जास्त. नदीतही ती होत होती, पण नदीने ती गाळ म्हणून शेतांत पसरली, समुद्राला नेली, शतकं घेतली. क्रशर ती सगळी एकाच दुपारी, एकाच माळावर देतो. नदी आणि क्रशर यांच्यातला खरा फरक या वेळेत आहे.

त्या भुकटीचं काय करायचं? मानक सांगतं, फोडलेल्या वाळूत 75 मायक्रॉनहून बारीक भाग 15 टक्क्यांपर्यंत चालेल. नैसर्गिक वाळूला 3. जास्त झाली तर धुवा. धुतलं की गढूळ पाणी. ते टाकीत निवळवून पुन्हा वापरलं तर ठीक, ओढ्यात सोडलं तर नदी वाचवायला काढलेली वाळू पुन्हा नदीलाच मारते. कोरडी ठेवली तर वाऱ्यावर. ऊस, डाळिंब, द्राक्षांच्या पानांवर. आणि हॉपरपाशी उभ्या असलेल्या मजुराच्या छातीत. बेसाल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ कमी असतं, त्यामुळे सिलिकाचा धोका वालुकाश्मापेक्षा कमी, हे खरं. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि बारीक धूळ कुठल्याही दगडाची असली तरी फुप्फुसाला परकीच.

इथे आमचा आक्षेप आहे. यंत्राचं माहितीपत्रक उघडा. ताशी किती टन, किती अश्वशक्ती, केवढा दगड आत जाईल, ठळक अक्षरांत. ताशी किती धूळ? ते शोधावं लागतं. नियमांत धुळीला जागा आहे: पट्ट्यांवर आच्छादन, पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, पक्का रस्ता, झाडांचा पट्टा. पण हे सगळं यंत्राच्या बाहेरचं, नंतर जोडायचं, आणि म्हणून आधी काढून टाकायचं. फवारा बंद पडला म्हणून क्रशर थांबत नाही. टॉगल तुटली की मात्र तत्क्षणी थांबतो. बघा हं, यंत्राला इजा होऊ नये म्हणून थांबण्याची सोय यंत्राच्या आत आहे. माणसाला इजा होऊ नये म्हणून थांबण्याची सोय बाहेर, कागदावर. ही निवड आहे. निसर्गनियम नव्हे.

कुणी म्हणेल, मग काय सर, परत घणाने फोडायचं? मुळीच नाही. हाताने खडी फोडण्याचं कौतुक ज्यांनी ती फोडली नाही त्यांनीच करावं. 72 च्या दुष्काळात याच भागात बायाबापड्यांनी उन्हात बसून खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. आमच्या पिढीने ते पाहिलं आहे. पण त्यातूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेव्हा यंत्र उपलब्ध असूनही मुद्दाम हाताने फोडून घेतलं, कारण हेतू खडीचा नव्हता, मजुरीचा होता. हेतू बदलला की कामाची सगळी रचना बदलते. तेव्हा माणूस जगावा म्हणून खडी फोडली. आज खडी निघावी हा हेतू, माणूस कुठे बसतो ते नंतर बघू. मधली वाट असू शकते, आणि ती यंत्राच्या नकाशातच आखावी लागेल. फवाऱ्याला दाब नसेल तर मोटर चालूच होणार नाही, ही जोडणी काही अवघड नाही. पट्टा उघडा असेल तर यंत्र बंद, हीही नाही. भुकटी हवेच्या झोताने वेगळी करून बंद पिंपात घेणारी यंत्रं आहेत, आणि त्या भुकटीचा विटांत, भरावात उपयोगही होतो.

तेव्हा उद्या गावाजवळ क्रशरची परवानगी येईल तेव्हा ग्रामसभेत फक्त "हवा की नको" एवढंच विचारू नका. कुठलं यंत्र, किती टप्प्यांचं, भुकटी किती टक्के, ती कुठे जाणार, धुण्याचं पाणी कुठलं आणि परत कुठे, फवारा बंद पडला तर क्रशर आपोआप बंद होतो का, हे विचारा. उत्तर कागदावर घ्या. हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. जात्याला टाकी लावून घेताना आपल्या आज्या टाकाऱ्याला असेच प्रश्न विचारत होत्या, आणि पीठ जाडं आलं तर त्याला परत बोलावत होत्या.

तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ. समोर क्रशरवर काम करणारी दोन-चार मंडळी बसलेली दिसतात. आधी त्यांना बोलू द्या.