एकोणिसावा मजला : अनुवाददृष्ट्या एक विचार

लुई सॅकर यांच्या 'साइडवेज स्टोरीज फ्रॉम वेसाइड स्कूल' (१९७८) या बालकथासंग्रहातील विनोद केवळ प्रसंगनिष्ठ मानणे अपुरे ठरेल. मुलांची सफरचंदे करणारी शिक्षिका अखेर स्वतःच सफरचंद होते, हा प्रसंग कोणत्याही भाषेत हसवील. ग्रंथाची रचना मात्र एका श्लेषावर उभी आहे. अमेरिकन इंग्रजीत 'स्टोरी' हा एकच शब्द मजला व कथा असे दोन्ही अर्थ देतो. एका ओळीत बांधावयाचे ३० वर्ग चुकून एकावर एक रचले गेले. म्हणून शाळा ३० मजली व प्रकरणेही ३०. शाळेला १९ वा मजलाच नाही; तदनुसार १९ वे प्रकरण तो मजला व तेथील शिक्षिका यांचे नास्तित्व सांगून संपते. परंतु नाकारण्यासाठीही तिला नाव द्यावे लागते. १९८९ च्या उत्तरग्रंथात तर ती वर्ग घेताना दिसते.

मराठीत 'मजला' व 'कथा' यांची फारकत असल्याने हे रिते प्रकरण निव्वळ विक्षिप्तपणा वाटेल. 'मजला' व 'मजल' हे सगोत्र शब्द येथे काहीसा आधार देतील : प्रत्येक प्रकरण ही एक मजल. त्यात कथेचा अर्थ लोपतो, पण इमारत व ग्रंथ यांचे नाते टिकते. अनुवादकाने प्रथम जपावयाचे ते हेच. प्रसंग आपले आपण तरतात.