नऊ प्रश्नांचं गाणं

गाण्यावरून भांडणं आमच्या वस्तीला नवी नाहीत. पाण्यावरून, बांधावरून होतात तशीच ती होतात. फरक एवढाच, की गाण्याच्या भांडणात दुसऱ्या दिवशी बोलचाल बंद पडत नाही. आमच्या घरात गायन पार्टी होती. वडील पेटीवर, तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते ढोलकीवर, एकजण बुलबुल तरंगवर आणि मागं झील ओढायला चार-पाच गडी. एप्रिल लागला की जयंतीच्या सुपाऱ्या यायच्या आणि त्या पार मिरगापर्यंत पुरायच्या. कुठल्या गावात कुठला गायक कुठलं कडवं चुकला, कुणी वामनदादांच्या गाण्याला सिनेमाची चाल लावून त्याची माती केली, कुणी तीच चाल लावून सोनं केलं, ह्याचे निकाल बैलगाडीत आणि पुढं टेम्पोत बसून लागत. मला समीक्षा म्हणून जे काही येतं ते ह्या टेम्पोत शिकलेलं आहे. कॉलेजात नंतर त्याला नावं मिळाली.

म्हणून पुतण्यानं मोबाइलला स्पीकर जोडून इंग्रजी गाणी लावली तेव्हा म्हाताऱ्यांनी उठून जायचं सोडून कान लावले, ह्याचं मला नवल वाटलं नाही. पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. त्यानं एकच गाणं दोघांच्या आवाजात आणलं होतं. पहिला गायक बॉब डिलन. दुसरा स्टीव्ही वंडर. गाण्याचं नाव ‘ब्लोइन इन द विंड’. ऐकायला तात्या, आत्या, शेजारचे निवृत्त गुरुजी, पार्टीतली आजची पोरं आणि मी. इंग्रजी कळणारे आम्ही तिघं. बाकीच्यांना पुतण्यानं आधी अर्थ सांगितला, मग गाणं लावलं. ही पद्धत चांगली. जलशातही असंच असायचं, आधी बोलायचं आणि मग गायचं.

गाण्याची हकिकत थोडक्यात सांगतो. डिलननं ते 1962 साली रचलं, तेव्हा तो विशीत होता. एक गिटार, तोंडानं वाजवायची बाजाची पेटी आणि बिगरकमावलेला आवाज, बस. तीन कडवी, प्रत्येक कडव्यात तीन प्रश्न, असे नऊ प्रश्न. एखाद्याला माणूस म्हणून कधी गणणार, तोफा कधी थांबणार, काही माणसं मोकळी कधी होणार, अशा जातीचे. उत्तर कशाचंच नाही. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनला काळ्यांच्या हक्कांसाठी जो मोठा मोर्चा निघाला, तिथं पीटर, पॉल आणि मेरी ह्या गोऱ्या त्रिकुटानं हे गाणं म्हटलं. आणि 1966 साली सोळा वर्षांच्या, जन्मापासून जवळजवळ आंधळ्या असलेल्या स्टीव्ही वंडरनं ते सोल संगीतात गायलं. सोल म्हणजे काळ्यांच्या चर्चमधलं भजन आणि नाचायचा ठेका ह्यांचं लेकरू. काळ्या लोकांच्या संगीताच्या यादीत ते पहिल्या नंबरावर गेलं आणि सगळ्यांच्या मिळून असलेल्या यादीत पहिल्या दहांत.

गुरुजींनी डिलनची बाजू घेतली. ते म्हणाले, “पहिला बघा कसा सरळ विचारतो. वर्गात उभा राहून पोरगं विचारतं तसं. दुसऱ्यानं प्रश्नाला झालर लावली. झालर दिसती, प्रश्न झाकून जातो.”

तात्यांना हे पटलं नाही. “गुर्जी, पहिला इचारतोय खरा. पन दुसरा इचारून इचारून दमलाय. दमलेल्याचा आवाज असाच लांबतो.”

मग ध्रुपदावर घोळ झाला. पुतण्यानं अर्थ सांगितला की ह्या सगळ्याचं उत्तर वाऱ्यावर आहे. मराठीत हे फार वेगळं पडतं. इंग्रजीत वाऱ्यावर असणं म्हणजे ते आसपास आहे, हाताशी आहे आणि तरी धरता येत नाही, असे दोन्ही अर्थ राहतात. आपल्याकडं वाऱ्यावर सोडतात ते माणसाला. तात्या लगेच म्हणाले, “वाऱ्यावर सोडलंय आपल्याला, उत्तराला कशापायी सोडंल कोनी?” पोरं हसली. मला मात्र वाटतं की तात्यांनी न कळत दोन गाण्यांतला फरकच सांगितला. डिलनच्या गाण्यात उत्तर वाऱ्यावर आहे. वंडरच्या गाण्यात गाणाराच वाऱ्यावर आहे.

आत्या बराच वेळ गप्प होती. तिनं दुसरं गाणं पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मग म्हणाली, “ह्यात दोघं हायेत की रं. ह्यो पोरगा एकला न्हाई.”

खरं आहे. वंडरच्या ध्वनिमुद्रणात दुसऱ्या पुरुषाचा आवाज आहे. तो क्लॅरेन्स पॉल, त्या गाण्याचा निर्माता आणि पोराचा वडीलधारा सोबती. पोरगा गातो, हा साद देतो, कुठं मिसळतो, कुठं मागं राहतो. शिकल्यासवरल्या ऐकणाऱ्याला ही नुसती सजावट वाटेल. आत्याला ते जातं वाटलं. ती म्हणाली, “जात्यावर बसलं की एकीनं म्हनायचं आन् दुसरीनं वढायचं. समोरचीनं खुंटा सोडला तर वोवी बी थांबती अन् जातं बी. ह्या बाप्यानं खुंटा धरलाय. म्हनून पोराला गाता येतंय.”

आत्यानं हजारो पायल्या दळल्या असतील. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्यात बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. तो ढिगारा चाळताना दिसतं ते हेच, की एका बाईची ओवी दुसरी उचलते, नाव बदलते, गाव बदलते, आणि कुणी कुणाला विचारत नाही की मूळ कुणाची. ‘मूळ गाणं बिघडवलं’ ही तक्रार छापील पुस्तक आणि तबकडी आल्यानंतरची आहे. जात्यावर ती तक्रार करायला कुणाला फुरसत नव्हती.

इथं पुतण्यानं त्याचं हुकमी पान टाकलं. डिलनची चाल मुळात त्याची नाहीच. गुलामांच्या एका जुन्या गाण्यावरून ती आली, ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ त्याचं नाव. लिलावाचा ओटा नको, मोजून मिळणारं धान्य नको, चाबूक नको, असं सांगणारं गाणं. 1867 साली अमेरिकेत गुलामांच्या गाण्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला त्यात ते दुसऱ्या नावानं छापलेलं आहे, आणि पुढं पॉल रोबसन, ओडेटा ह्यांनी गायलेलं आहे. चाल तिथून आली हे डिलननं स्वतः कबूल केलं आहे. तेव्हा, पुतण्या म्हणाला, वंडरनं आपल्या घरचं गाणं घरी आणलं. वाद मिटला.

माझ्या मते मिटत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून पीक चांगलं येतं असं नाही. ह्याच गाण्याचा पुरावा आहे. सॅम कुक हा सोल संगीताचा मोठा माणूस, वंडरच्या आधीचा. डिलनचं गाणं ऐकून तो चटकला, की असं गाणं आपल्यातल्या कुणी लिहायला हवं होतं. त्यानं ते आपल्या कार्यक्रमात घेतलं. 1964 साली न्यूयॉर्कच्या कोपाकबाना ह्या नाइटक्लबातलं त्याचं गाणं तबकडीवर आहे. ते मी पुतण्याकडून मागून घेऊन ऐकलं. गळा लोण्यासारखा, पण गाणं पळतंय. समोर जेवणारी गोरी मंडळी, चुटक्यांवर धरायचा ठेका, आणि प्रश्न असे निघून जातात जसे वाढप्याच्या हातातल्या थाळ्या. काळा गायक, काळ्यांची चाल, आणि तरी गाणं बसलेलं नाही. ह्याच कुकला 1963 च्या ऑक्टोबरात लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका हॉटेलानं उतरू दिलं नव्हतं. त्यानंतर त्यानं स्वतःचं ‘अ चेंज इज गोना कम’ लिहिलं, आणि त्यात एकही चुटकी नाही. डिसेंबर 1964 मध्ये तो मारला गेला, त्यानंतर ते एकेरी तबकडीवर बाजारात आलं. तेव्हा हक्क कुणाचा हा प्रश्न कोर्टातला. गाणं ऐकताना बघायचं ते हे, की ह्या गाण्यात गाणारा कुणापुढं उभा आहे आणि त्याच्या पाठीशी कोण आहे.

(उतरू न देण्यावरून तात्यांनी एका गावची गोष्ट सांगितली. पार्टी रात्रभर गायली, टाळ्या पडल्या, आणि झोपायला जागा मिळाली ती शाळेच्या पडवीत, शाळेला कुलूप घालून. गावाचं नाव ते अजून घेत नाहीत. मीही लिहीत नाही.)

गुरुजींचं म्हणणं मी सोडून देत नाही. जलशाचा पहिला नियम होता की शब्द गिळायचा नाही. मागच्या ओळीतल्या म्हातारीला शब्द कळला नाही तर गाणं फुकट. त्या कसोटीवर डिलन पास आहे. त्याचा आवाज कोरडा आहे, आणि तो कोरडेपणाच त्याचं काम करतो. ऐकणाऱ्याला काय वाटावं हे तो सांगत नाही. वंडर सांगतो. तो अक्षर लांबवतो, वळवतो, हुंदका नाही पण हुंदक्याच्या अलीकडची जागा घेतो, आणि आपण त्याच्यासोबत वाहून जातो. वाहून गेलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. एवढं नुकसान खरं आहे आणि ते मी वंडरच्या खात्यावर मांडतो.

पण जमेची बाजू मोठी आहे. डिलनच्या तोंडी पहिला प्रश्न दुसऱ्यांविषयीचा आहे. एखाद्याला माणूस कधी म्हणणार, तो ‘एखादा’ म्हणजे कुणीतरी लांबचा. अमेरिकेच्या दक्षिणेत साठीच्या काळ्या गड्यालाही गोरा पोर ‘पोरा’ म्हणून हाक मारायचा. 1968 साली मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला तेव्हा ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेले फलक धरले होते. अशा देशात सोळा वर्षांचा काळा पोरगा तोच प्रश्न गातो तेव्हा शब्द न बदलता प्रश्नाचा मालक बदलतो. आमच्याकडं माझ्या आजाला, पांढरी मिशी असलेल्या माणसाला, शेंबडी पोरं अरे-तुरे करायची. त्यामुळं पुतण्यानं अर्थ सांगितल्यावर पहिल्या ओळीलाच तात्यांनी मान का हलवली, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. जनार्दन वाघमारे ह्यांचं ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ मी औरंगाबादला शिकताना वाचलं होतं. दलित पँथरनं 1972 साली नाव कुठून घेतलं तेही ठाऊक होतं. पण पुस्तकातून कळलेलं नातं वेगळं आणि ढोलकीवाल्या माणसाची मान हलणं वेगळं.

हा वाद नुसता बसल्या जागचा नव्हता. पोरांना यंदाच्या जयंतीला वामनदादा कर्डकांचं एक जुनं गाणं नव्या ठेक्यावर, डीजेच्या पेटीवर करायचं होतं. तात्यांचा सक्त विरोध. वंडरचं गाणं आवडलं म्हटल्यावर पोरांनी तात्यांना पेचात धरलं, की तिकडं ठेका बदललेला चालतो आणि इकडं का नाही? प्रश्न रास्त होता. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा गण ठेवला पण गणपतीचा अर्थ लोकांचा नायक असा केला. आंबेडकरी जलशांनी गवळणीला रजा दिली. बदल केला म्हणून कुणी पाप लागतं असं म्हणणारी ही परंपरा नव्हे.

मी पोरांना सांगितलं ते असं. ठेका पळवा, हरकत नाही. पण तुमच्या डीजेत झीलकरी कुठं उभा राहणार? वंडरच्या गाण्यात एवढी वाद्यं आहेत, तरी दुसऱ्या माणसाला जागा आहे. तुमच्या पेटीत आवाज एवढा की समोरच्याला साद द्यायची सोय नाही. ऐकणारा नाचेल, पण खुंटा धरणार नाही. एका पोरानं उत्तर दिलं तेही लिहितो, कारण ते बिनतोड होतं. “काका, तुमच्या झिलीला आता माणसं कुठं हायेत? सगळी पुण्याला नाहीतर ऊसतोडीला.”

ह्यावर तात्याही बोलले नाहीत. शेवटी ठरलं ते असं, की ठेका पोरांचा, पण कडवं ढोलकीवर आणि ध्रुपदाला डीजे पूर्ण बंद. झिलीला माणसं कमी पडतात म्हणून आत्या आणि तिच्या वयाच्या दोघी उभ्या राहणार आहेत. आमच्या पार्टीत बायकांनी झील कधी धरली नव्हती. गुरुजींना शब्द ऐकू येतात का ते तपासायला मागच्या ओळीत बसवायचं आहे. तालीम दोनदा झाली. तात्या म्हणतात ठेका अजून पळतोच आहे, आणि काल ते ढोलकी मढवायला घेऊन तालुक्याला गेले.