माकूल, अष्टपाद आणि 'बुद्धी' हा शब्द

माकूल अधिक बुद्धिमान की अष्टपाद, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. प्रश्न प्राणिशास्त्राचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरांतील गोंधळ बव्हंशी शब्दाचा आहे.

ह्या वादाचा आरंभ फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात माकुलास मृदुकाय प्राण्यांत सर्वांत धूर्त ठरविले, कारण ते केवळ भयाने नव्हे, तर लपण्याच्या हेतूनेही शाई सोडते. अष्टपादास मात्र त्याने मूर्ख म्हटले; पाण्यात हात घातला असता तो हाताजवळ येतो, हे त्याचे कारण. आज हेच जवळ येणे जिज्ञासेचे लक्षण मानले जाते. वर्तन बदललेले नाही, निर्णय मात्र उलटला आहे. तेव्हा निर्णयाचा आधार प्राण्यात किती आणि निर्णय देणाऱ्याच्या शब्दात किती, हे तपासणे अगत्याचे ठरते.

अष्टपादाच्या बाजूने दिले जाणारे पुरावे पाहावेत. 1992 साली फिओरितो व स्कोत्तो ह्यांनी दाखविले की, एका अष्टपादाची निवड पाहून दुसराही तीच निवड करतो. 2009 साली इंडोनेशियाच्या समुद्रातील अष्टपाद नारळाच्या करवंट्या पुढे आसऱ्यासाठी वाहून नेतात, अशी नोंद प्रसिद्ध झाली. माकुलाच्या बाजूचे पुरावे निराळ्या जातीचे आहेत. काय, कोठे व केव्हा खाल्ले हे ते लक्षात ठेवते, असे 2013 साली दिसून आले. 2021 साली श्नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा माकुलांवर केलेल्या प्रयोगात, आवडते भक्ष्य मिळावे म्हणून ती 50 ते 130 सेकंद थांबली.

पहिल्या यादीत करवंटी उचलणे येते, दुसरीत थांबणे व स्मरणे. ह्या दोन याद्यांवरून एकास श्रेष्ठ ठरविणे म्हणजे विणकराची गती व गवंड्याची चिकाटी ह्यांतून 'कोण अधिक कुशल' हे काढण्यासारखे आहे. शिवाय अष्टपादाच्या सुमारे 50 कोटी चेतापेशींपैकी अदमासे दोन तृतीयांश त्याच्या बाहूंत असतात. तेथे बुद्धीचे एकच स्थान गृहीत धरणेही कठीण होते.

ह्यावर एक आक्षेप रास्त आहे. उपरोक्त प्रयोगात अधिक वेळ थांबणारी माकुले शिकण्याच्या कसोटीतही सरस ठरली. तेव्हा निरनिराळ्या गुणांच्या मुळाशी काही समान शक्ती असू शकेल. हे मान्य करावयास हवे. परंतु त्यावरून एका जातीतील व्यक्तींची तुलना सिद्ध होते, दोन जातींची नव्हे. त्यासाठी कसोटी एक असावी लागते आणि ती दोन्ही शरीरांना सारखीच सोयीची असावी लागते. दुसरी अट पहिलीहून अवघड आहे.

मराठीपाशी ह्या कामी साधने आहेत. चातुर्य, धूर्तपणा, युक्ती, स्मरण, संयम, समज हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. करवंटीस युक्ती, थांबण्यास संयम, शाईस धूर्तपणा असे म्हटले की निरीक्षण अचूक राहते. सर्वांस 'बुद्धी' म्हटले की शर्यत सुरू होते.

सोलापूरच्या काष्ठौषधींच्या दुकानात माकुलाचे अंतःकवच 'समुद्रफेन' ह्या नावाने मिळते. नाव सागराच्या फेसाचे, वस्तू एका प्राण्याच्या देहातील. ज्याने माकूल पाहिलेले नाही, त्यास ह्या नावावरून प्राण्याचा पत्ता लागत नाही. 'बुद्धी' हा शब्दही पुष्कळदा असाच वापरला जातो. शब्द हाती येतो, प्राणी मात्र दूर समुद्रातच राहतो.