दुकानाचा मागील दरवाजा : अमेरिकी साहित्यातील उपभोगवादाची चिकित्सा आणि भिवंडी

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी समाजाचे वर्णन अभ्यासकांनी 'उपभोगप्रधान समाज' असे केले आहे. जगाच्या लोकसंख्येत सुमारे ४ टक्के वाटा असलेला हा देश जगातील एकूण ऊर्जेपैकी साधारणपणे सहावा-सातवा हिस्सा वापरतो. या समाजाचे सर्वांत कठोर टीकाकारही याच समाजात निर्माण झाले, ही लक्षणीय बाब आहे. जॉन केनेथ गॅलब्रेथ यांचा 'द ॲफ्लुअंट सोसायटी' (१९५८), व्हान्स पॅकार्ड यांचा 'द वेस्ट मेकर्स' (१९६०) आणि रेचेल कार्सन यांचा 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) हे ग्रंथ अवघ्या चार वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. वस्तू लवकर मोडावी किंवा लवकर जुनी वाटावी, अशाच हेतूने ती कशी घडवली जाते, हे पॅकार्ड यांनी दाखवून दिले. कीटकनाशकांची साखळी शेतापासून पक्ष्याच्या अंड्यापर्यंत कशी पोचते, हे कार्सन यांनी मांडले.

या चिकित्सेचा वारसा सर्जनशील साहित्यानेही चालवला. प्रस्तुत लेखात हेन्री डेव्हिड थोरो यांचे 'वॉल्डन' (१८५४) आणि डॉन डिलिलो यांच्या 'व्हाइट नॉइज' (१९८५) व 'अंडरवर्ल्ड' (१९९७) या कादंबऱ्या यांचा एका मर्यादित प्रश्नापुरता विचार केला आहे. उपभोगाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे कोणते उत्तर या कृतींतून मिळते आणि भिवंडीसारख्या गावातील वाचकाला ते पुरेसे ठरते काय, हा तो प्रश्न होय.

'चंगळवाद' या शब्दाची मर्यादा

मराठीत उपभोगवादासाठी 'चंगळवाद' हा शब्द रूढ आहे. तो बोलका असला तरी त्यात एक निवाडा दडलेला आहे. 'चंगळ' म्हटले की मौज करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. वस्तू घडवणारा, वाहून नेणारा, साठवणारा माणूस येत नाही. साहजिकच चंगळवादावरचा उपायही चंगळ करणाऱ्याच्या संयमात शोधला जातो. दिलीप कुलकर्णी यांनी 'निसर्गायण'सारख्या लेखनातून मांडलेली आणि दापोली तालुक्यातील कुडावळे येथे राहून स्वतः आचरलेली साधी जीवनशैली मराठी वाचकाला आदर्श वाटते, ती याच संयमाच्या परंपरेमुळे. या परंपरेचे नैतिक मोल निर्विवाद आहे. मात्र संयम हा ज्याच्याजवळ निवड आहे त्याचा गुण असतो. ज्याच्या वाट्याला निवडच आलेली नाही, त्याच्याविषयी ही भाषा फारसे काही सांगत नाही.

थोरो : किंमत आणि आयुष्य

'वॉल्डन' हा ग्रंथ बहुधा अशाच संयमाचा आद्यग्रंथ म्हणून वाचला जातो. वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीचा खर्च २८ डॉलर १२½ सेंट आला, हे थोरो पैशापैशाने नोंदवतात. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्या मोबदल्यात खर्ची पडणारे आयुष्य, हा त्यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे.

परंतु हे आयुष्य कोणाचे? प्रथमदर्शनी ते खरेदीदाराचे आहे. घर, कपडे, सामानसुमान यांसाठी राबणाऱ्या शेजाऱ्यांना थोरो हा हिशेब समजावतात. तथापि 'इकॉनॉमी' या पहिल्याच प्रकरणात ते कापडाच्या गिरण्यांकडे वळतात. या कारखान्यांचा मुख्य उद्देश माणसांना नीट वस्त्र मिळावे हा नसून कंपन्यांची भरभराट व्हावी हा आहे, असे ते स्पष्टपणे म्हणतात. पुढे आगगाडीविषयी लिहिताना रुळांखाली जणू आयरिश मजूरच अंथरलेले आहेत, अशा आशयाचे विदारक चित्र ते उभे करतात. म्हणजेच वस्तूच्या किमतीत दुसऱ्याचेही आयुष्य मोजले पाहिजे, याची जाणीव 'वॉल्डन'मध्ये आहे. संयमाचा ग्रंथ म्हणून त्याचे वाचन करताना हा दुसरा धागा मात्र बहुधा सुटून जातो.

'व्हाइट नॉइज' : पुढचाच दरवाजा असलेले दुकान

डिलिलो यांच्या 'व्हाइट नॉइज'ला १९८५चा 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळाला. कादंबरीचा आरंभच वस्तूंच्या यादीने होतो. महाविद्यालयात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गाड्या सामानाने ओसंडत असतात. निवेदक जॅक ग्लॅडनी हा हिटलरविषयक अभ्यासाचा प्राध्यापक आहे. एका सहकाऱ्याने निरुपद्रवी म्हणून केलेले वर्णन जिव्हारी लागताच तो कुटुंबासह मनसोक्त खरेदी करतो आणि त्या खरेदीतून आपले मोल वाढल्याचा अनुभव घेतो. पुढे रेल्वेच्या टाकीतून विषारी रसायन गळते, काळा ढग गावावर येतो, लोकांना घरे सोडावी लागतात. संकट ओसरते आणि कादंबरी पुन्हा सुपरमार्केटमध्ये येऊन थांबते. तेथे फळ्यांवरील वस्तूंच्या जागा बदललेल्या असल्याने ग्राहक गोंधळून गेलेले दिसतात.

मृत्यूचे भय आणि खरेदी यांचे नाते ही कादंबरी ज्या सूक्ष्मतेने उलगडते तिला तोड नाही. परंतु या सुपरमार्केटला फक्त पुढचाच दरवाजा आहे. वस्तू फळीवर असतात. त्या तेथे कोठून आल्या, याचा उल्लेख जवळजवळ येत नाही. ढगही जणू आकाशातूनच उद्भवतो. अशी संकटे उघड्यावर राहणाऱ्या गरिबांवर येतात, प्राध्यापकांवर नव्हे, असे ग्लॅडनीला वाटत असते. ही कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या काही आठवडे आधी, २ व ३ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री, अमेरिकी युनियन कार्बाइड कंपनीच्या भोपाळ येथील कारखान्यातून वायुगळती होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली होती. ग्लॅडनीची समजूत कादंबरीत उपरोधाने खोटी ठरते. प्रत्यक्षात ती भयंकर रीतीने खरी ठरली होती.

येथे एक आक्षेप संभवतो. कादंबरी प्रथमपुरुषी असल्याने ग्लॅडनीचे आंधळेपण हे लेखकाचे आंधळेपण मानता येणार नाही. किंबहुना ते आंधळेपण हाच कादंबरीचा विषय आहे. हा आक्षेप ग्राह्य आहे. उणीव कादंबरीपेक्षा तिच्या प्रचलित वाचनात अधिक आहे. 'आधुनिक माणसाची आध्यात्मिक पोकळी' या सूत्रात कादंबरी बसवली की जबाबदारीचा प्रश्न मनोव्यापारापुरता उरतो आणि भूगोल पुसला जातो.

जबाबदारीचे स्थलांतर

हे पुसले जाणे साहित्यापुरते मर्यादित नाही. 'कीप अमेरिका ब्युटिफुल' ही संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली, तीत वेष्टने व शीतपेये तयार करणाऱ्या उद्योगांचा पुढाकार होता. १९७१च्या वसुंधरा दिनी तिने प्रसृत केलेली, कचरा पाहून अश्रू ढाळणाऱ्या मूलनिवासी माणसाची जाहिरात जगप्रसिद्ध झाली. प्रदूषण माणसेच सुरू करतात आणि तीच ते थांबवू शकतात, हा तिचा संदेश होता. फेकून देण्याची बाटली बाजारात आणणारा उत्पादक या वाक्यात कोठेच नव्हता. मूलनिवासी म्हणून दाखवलेला अभिनेता मुळात इटालियन वंशाचा होता. पुढे २०२३ मध्ये या जाहिरातीचे हक्क मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेकडे गेले आणि तिने ती वापरातून काढून टाकली.

कार्सन यांच्या ग्रंथाचे फलित म्हणून सांगितल्या जाणाऱ्या डीडीटीबंदीची कथाही अशीच अपुरी आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये या रसायनाच्या वापरावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. निर्यातीसाठीचे उत्पादन मात्र त्यानंतरही काही वर्षे चालू राहिले. पहिल्या उदाहरणात जबाबदारी उत्पादकाकडून ग्राहकाकडे सरकली. दुसऱ्यात ती देशाच्या सीमेवर थांबली.

भिवंडीचे स्थान

या साहित्याचे वाचन भिवंडीत होते तेव्हा त्याला निराळा संदर्भ प्राप्त होतो. २०११च्या जनगणनेनुसार ७ लाखांहून अधिक लोकसंख्येचे हे शहर यंत्रमागांसाठी ओळखले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या कापडउत्पादनाचा मोठा भाग अशाच यंत्रमाग केंद्रांकडे वळला. येथे सुताला खळ देणारे सायझिंग, नंतर माग आणि मागावरून उतरणारे 'ग्रे' म्हणजे कोरे कापड असा क्रम आहे. कामगार बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले, पाळी बहुधा बारा तासांची, मजुरी मीटरवर. सायझिंग व डाईंगच्या धुराचा आणि सांडपाण्याचा भार शहराची हवा व कामवारी नदी यांच्यावर पडतो.

गेल्या काही दशकांत या शहराला दुसरी ओळख मिळाली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण महामार्गालगत असल्याने माणकोली, दापोडा, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या परिसरात गोदामे उभी राहिली. जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराच्या आगमनाने संपली, पण गोदामे कमी न होता अधिक मोठी झाली. ॲमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली, तेव्हा तिचे येथील पहिले वितरण केंद्र भिवंडीतच होते. २०१८ मध्ये फ्लिपकार्टवर वॉलमार्टने बहुमताची मालकी मिळवली. ग्लॅडनीच्या सुपरमार्केटचे हे पुढचे रूप होय. त्याला आता पुढचा दरवाजाही राहिलेला नाही, कारण ग्राहक घरबसल्या पडद्यावर वस्तू निवडतो. मागचा दरवाजा मात्र आहे आणि तो भातखाचरांवर भराव टाकून उभ्या केलेल्या गोदामांत उघडतो.

या दरवाजाची किंमत स्थानिकांनी वेळोवेळी मोजली आहे. गोदामांना आगी लागल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. अनधिकृत गोदामांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. २९ एप्रिल २०२३ रोजी वळ गावात खाली गोदाम आणि वर राहत्या खोल्या असलेली इमारत कोसळून आठ जणांचा बळी गेला. 'वस्तूच्या मोबदल्यात कोणाचे आयुष्य?' हा थोरो यांचा प्रश्न येथे अलंकारिक राहत नाही.

अर्थात भिवंडीला केवळ बळीच्या भूमिकेत पाहणे हेही अपुरे ठरेल. शेतजमीन विकणारे, भाड्याने देणारे, परवानगीविना बांधणारे येथलेच आहेत आणि हप्त्याने वस्तू घेणारेही. गोदामांनी येथील तरुणांना काम दिले, हेही खरे. परंतु दोष वाटून घेताना प्रत्येकाचा वाटा सारखा धरता येणार नाही. वेष्टनाचा आकार, परत आलेल्या मालाचे काय करायचे, कामगाराला किती वेळात किती खोकी हाताळावी लागतील, हे निर्णय भिवंडीत होत नाहीत.

'अंडरवर्ल्ड' आणि 'अधांतर'

डिलिलो यांनी बारा वर्षांनंतर लिहिलेल्या 'अंडरवर्ल्ड'मध्ये हा मागचा दरवाजा काही प्रमाणात उघडतो. नायक निक शे कचरा-व्यवस्थापनाच्या व्यवसायात आहे. न्यूयॉर्कमधील फ्रेश किल्स येथील कचऱ्याचा अवाढव्य डोंगर आणि अखेरीस कझाकस्तानातील अणुचाचण्यांनी विद्रूप झालेली माणसे, असा या कादंबरीचा पल्ला आहे. वस्तू फेकल्यानंतर कोठे जाते, हे येथे दिसते. ती तयार कोठे होते, हे येथेही फारसे दिसत नाही. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये त्या देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन कापडकचरा निर्माण झाला आणि त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीत पुरला गेला. त्या ढिगाऱ्याचा शेवट डिलिलो यांच्या कादंबरीत सापडतो. आरंभ शोधण्यासाठी मागाकडे यावे लागते.

या ठिकाणी जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक आठवणे उचित ठरेल. 'अंडरवर्ल्ड' ज्या वर्षी आली त्याच वर्षीचे हे नाटक संपानंतरच्या गिरणगावातील एका कामगार कुटुंबाची वाताहत दाखवते. त्यात पर्यावरणाची चर्चा नाही. उत्पादन एखाद्या जागेवरून उठून गेले की मागे काय उरते, एवढेच ते दाखवते. मात्र गिरणगावातून उठलेले काम जेथे गेले, त्या भिवंडीत ते कमी मजुरीचे आणि अधिक असुरक्षित झाले. उपभोगाचा अखेरचा टप्पा 'अंडरवर्ल्ड'मध्ये आणि उत्पादनाच्या स्थलांतराचा मानवी परिणाम 'अधांतर'मध्ये दिसतो. दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचल्यास वस्तूचा प्रवास अधिक सलगपणे समजतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अमेरिकी साहित्यातील उपभोगवादाची चिकित्सा ग्राहकाच्या मनाचा वेध घेण्यात समर्थ आहे. वस्तूच्या भूगोलाचा वेध मात्र ती अपवादानेच घेते. हे भान थोरो यांच्याकडे होते. उत्तरकालीन वाचनपरंपरेने ते दुय्यम ठरवले. मराठीतील 'चंगळवाद' या संज्ञेनेही नकळत तोच मार्ग स्वीकारला आहे.

कायद्याच्या क्षेत्रात याविषयी थोडी जाग दिसते. प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांत आणि वेष्टनांसंबंधी २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले आहे. माल बाजारात आणणाऱ्याने त्याच्या वेष्टनाच्या अखेरीचीही जबाबदारी घ्यावी, असे हे तत्त्व सांगते. साहित्यसमीक्षेलाही आपल्या क्षेत्रात हे तत्त्व लागू करता येईल. एखाद्या कृतीतील पात्र काय विकत घेते आणि त्यामुळे त्याच्या मनाचे काय होते, एवढ्यावर न थांबता ती वस्तू कोणाच्या हातांतून आली, हेही विचारले पाहिजे. ज्यांच्या घरात माग चालला किंवा गोदामातील पाळीवर ज्यांचे घर चालते, अशा भिवंडीतील विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. अमेरिकी साहित्याच्या अभ्यासात त्यांना केवळ दूरच्या समाजाचे प्रेक्षक न ठेवता साक्षीदार म्हणून सामावून घेता येईल आणि त्यांच्या साक्षीमुळे 'वॉल्डन'मधील आयरिश मजुरांकडेही नव्याने पाहता येईल.