उणे दोन अंश, पण कशाचे?

पेटची तयारी करणाऱ्यांना मी एक सल्ला देते: समीक्षा करायला शिकायचं असेल तर कधीतरी आपल्या विषयाबाहेरचं तांत्रिक पुस्तक घ्या. आपल्या विषयातल्या मोठ्या नावांना आपण दबकून असतो. बाहेरच्या पुस्तकाला बिनधास्त प्रश्न विचारता येतात.

माझ्या बाबतीत हे पुस्तक आलं मावसभावामुळे. तो अमेरिकेत असतो, जुनी माझदा एमएक्स-५ घेऊन तिला कडक स्प्रिंग आणि रुंद टायर लावून बसलाय, गाडी खाली घेतलीय. त्याचा फोन आला, "तू फिजिक्सवाली ना? मग सांग, कॅम्बर किती ठेवू? एक जण म्हणतो उणे दीड, दुसरा उणे दोन, तिसरा उणे तीन. तिघंही म्हणतात गाडी रुळावर चालल्यासारखी चालते." माझा विषय पातळ फिल्म्सचा, गाड्यांशी संबंध शून्य. म्हणून कॅरल स्मिथ यांचं 'ट्यून टू विन' (१९७८) वाचायला घेतलं. लेखक साठच्या दशकात फोर्डच्या ल मांस मोहिमेत काम केलेला माणूस, त्यामुळे लिहितो ते हात काळे करून.

आधी थोडी ओळख. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय; वरचं टोक आत असेल तर उणे. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलीत की दूर. कास्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा झुकाव. वळणावर बॉडी बाहेर झुकते, बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. चाक आधीच थोडं आत कलवून ठेवलं तर वळणात टायर सपाट बसतो. याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते: आतली कड लवकर झिजते आणि जोरात ब्रेक मारताना टायरची पूर्ण रुंदी कामाला येत नाही.

आता 'उणे दोन' या आकड्याकडे बघा. एमएक्स-५ ला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. स्प्रिंग दबली की कॅम्बर आपोआप आणखी उणे होतो. टोयोटा जीटी८६ च्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथे ही मदत कमी मिळते, आणि गाडी फार खाली घेतली तर खालचा आर्म आडव्याच्या पलीकडे जाऊन उलटाच परिणाम सुरू होतो. म्हणजे उभ्या गाडीवर मोजलेले तेच उणे दोन अंश वळणात दोन्हीकडे वेगळे ठरतात. टोचं तर विचारूच नका. कुणी "२ मिमी टो" लिहितो. १५ इंची रिमच्या कडेवर मोजलं तर १ मिमी म्हणजे साधारण ०.१५ अंश, १८ इंचीवर ०.१२५. शिवाय २ मिमी एका चाकाचे की दोन्ही मिळून? तेवढ्यानेच आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो.

हसू नका. मी पहिल्या वर्षी एका जुन्या थीसिसमधलं अॅनीलिंगचं तापमान जसंच्या तसं उचललं होतं. थर्मोकपल भट्टीत नेमका कुठे होता हे तिथे लिहिलेलंच नव्हतं. तीन महिने गेले.

पुस्तकाची ताकद इथेच आहे. ते आकड्यापेक्षा कारण समजावतं आणि टायरकडूनच उत्तर घ्यायला शिकवतं: गाडी पिटमध्ये आली की टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तापमान मोजा, कुठला भाग जास्त राबतोय ते कळेल. माझ्या मते तीन हौशी लोकांच्या आकड्यांपेक्षा ही एक सवय मोलाची आहे.

पण ती आंधळेपणाने वापरू नये. पिटपर्यंत येताना गाडी सरळ धावते. तेवढ्या वेळात बाहेरची कड थंड होते आणि उणे कॅम्बरमुळे आतली कड मात्र काम करत राहते. म्हणून पिटमध्ये तिन्ही तापमानं सारखी दिसली तर समाधान मानू नका. वळणात बाहेरची कड बहुधा जास्तच तापली होती. शिवाय सारखं तापमान हे खरं उद्दिष्ट नाहीच. उद्दिष्ट पकड किंवा लॅपची वेळ. आपण सोयीचं काहीतरी मोजतो आणि हळूहळू तेच साध्य होऊन बसतं. हे तुमच्या लॅबमध्येही होणार आहे.

दुसरी मर्यादा काळाची. मिशेलिनने फॉर्म्युला वनमध्ये रेडियल टायर आणला १९७७ मध्ये, रेनोबरोबर. म्हणजे हे पुस्तक क्रॉस-प्लायच्या जगात घडलेलं आहे. रेडियलला साधारणपणे जास्त उणे कॅम्बर लागतो. त्या काळचे आकडे आज उचलू नयेत.

माझा मोठा आक्षेप मात्र त्या सगळ्या पिट लेनच्या परंपरेवर आहे: "एका वेळी एकच गोष्ट बदला." ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण कॅम्बर बदलला की टो हलतोच, म्हणून तर टो शेवटी लावतात. तो परत लावला नाही तर तुम्ही दोन गोष्टी बदलल्या. आणि लावला तरी या टोवर चांगला ठरलेला कॅम्बर दुसऱ्या टोवर चांगला ठरेलच असं नाही. रोनाल्ड फिशर यांनी 'द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' मध्ये १९३५ सालीच घटक एकत्र बदलण्याची बाजू मांडली होती. ते शेतातल्या प्रयोगांबद्दल होतं. पिट लेनमध्ये कोण वाचणार म्हणा.

भावाला मी आकडा दिला नाही. म्हटलं, दोन कॅम्बर आणि दोन टो घे, चार जोड्या होतात. त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव. सुरुवात आणि शेवट मूळ सेटिंगने कर, नाहीतर ट्रॅकवर बसलेलं रबर आणि तुझा सुधारलेला हात या दोघांचं श्रेय कॅम्बरला जाईल. मोजताना सीटवर तुझ्याइतकं वजन ठेव, टायरमधली हवा लिहून ठेव. तेच सेटिंग तीनदा मोज. तिन्ही वाचनांत ०.२ अंशांचा फरक येत असेल तर उणे १.८ आणि उणे २ यांवर वाद घालू नकोस.

त्याने "बरं" म्हटलं. परवा मेसेज आला, टायर दुसऱ्या कंपनीचे घेतलेत. म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून.