सीमेवरचं पाकीट आणि बंद खोलीतली मुलगी

आजचा विषय आहे सीमेपलीकडून होणारी अमली पदार्थांची आणि माणसांची तस्करी, आणि आपल्या चित्रपटांनी ती कशी दाखवली. धाडी, जप्त केलेला माल, पकडलेले लोक, हे तुम्ही बातम्यांत रोज ऐकता. ते आज बाजूला ठेवू. आपण दोन चित्रपट घेणार आहोत. एक मीरा नायर यांचा १९८८ चा 'सलाम बॉम्बे!' आणि दुसरा अभिषेक चौबे यांचा २०१६ चा 'उडता पंजाब'. आमचं म्हणणं थोडक्यात असं: तस्करी समजून घ्यायची असेल तर सीमेवर उभं राहून फार काही दिसत नाही. माणसाच्या नावावर कर्ज मांडून त्याला जिथे कोंडलं जातं, त्या खोलीत जावं लागतं.

'उडता पंजाब'चं पहिलं दृश्य आठवा. अंधारात सीमेपलीकडचा माणूस थाळीफेक करावी तसं हेरॉइनचं पाकीट इकडे भिरकावतो. दृश्य पक्कं लक्षात राहतं, आणि आम्हाला वाटतं तिथेच थोडी गफलत होते. प्रेक्षकाच्या मनात पहिल्याच मिनिटाला बसतं की विष तिकडून आलं, आपण बिचारे. पण पुढे काय होतं बघा. ते पाकीट सापडतं शेतात राबणाऱ्या एका बिहारी मुलीला. एके काळची हॉकी खेळाडू, आता मजूर. हे विकलं तर आपले दिवस पालटतील असा साधा हिशोब ती करते. माल हातचा जातो, आणि मग त्याच्या बदल्यात टोळी तिलाच ठेवून घेते. तिला कोंडतात, सुया टोचून व्यसन लावतात, तिच्यावर अत्याचार करतात. अमली पदार्थांची तस्करी आणि माणसाची तस्करी इथे एक होतात. पाकिटाची किंमत मुलीच्या अंगावर चढते, आणि हे सगळं सीमेच्या अलीकडे, आपल्याच माणसांकडून घडतं.

आता 'सलाम बॉम्बे!'कडे या. यात सीमा दिसतच नाही. पण सीमा ओलांडून आलेल्या दोन गोष्टी कामाठीपुऱ्याच्या एकाच गल्लीत भेटतात. एक गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर. चिलीम नावाचा मुलगा बाबासाठी ती विकतो आणि स्वतःही ओढतो. दुसरी, नेपाळहून आणलेली कोवळी मुलगी. तिला सगळे 'सोला साल' म्हणतात. तिची भाषा तिथे कुणाला कळत नाही. तिला 'तयार' करायचं काम घरवाली बाबाकडे देते, आणि बाबा हे काम मारून करत नाही, गोड बोलून करतो. हे दाखवायला धैर्य लागतं. कारण खलनायकाने मारलं की प्रेक्षक सुटतो. बाबाने प्रेमाने बोललं की आपल्याला शहारा येतो.

मंडळी, या दोन सीमांचा फरक लक्षात घ्या. पंजाबच्या सीमेवर तारांचं कुंपण आहे, प्रखर दिवे आहेत, रात्रंदिवस पहारा आहे. भारत-नेपाळ सीमा सुमारे १७५० किलोमीटरची आणि खुली आहे. १९५० च्या करारापासून दोन्ही देशांचे लोक व्हिसाशिवाय ये-जा करतात. मावशीचा हात धरून, लग्नाच्या किंवा नोकरीच्या आशेने एखादी मुलगी ती ओलांडते तेव्हा कायदा मोडलेला दिसत नाही. एक सीमा बंद, दुसरी उघडी, आणि माल दोन्हींतून येतो. म्हणजे कुंपण किती उंच आहे एवढ्यावर ही गोष्ट ठरत नाही. इकडे विकत घेणारा आहे का आणि तिकडे घरात उपाशी कोण आहे, हेही विचारावं लागतं. घेणारा कोण, हे 'सलाम बॉम्बे!' दाखवतो. 'उडता पंजाब' व्यसनी पोरं दाखवतो, पुढाऱ्यांचे हात दाखवतो, पण त्या खोलीत येणाऱ्या गिऱ्हाइकांना चेहरा देत नाही.

थोडं कायद्याकडे वळू, कारण टीका करताना ते सोडून चालत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली मानवी तस्करीविरुद्धचा मसुदा स्वीकारला, तो पालेर्मो प्रोटोकॉल म्हणून ओळखला जातो. भारताने तो २०११ मध्ये मान्य केला. त्यातली व्याख्या तीन गोष्टी बघते: कृती काय, मार्ग कोणता, हेतू काय. जबरदस्ती किंवा फसवणूक झाली असेल तर 'ती हो म्हणाली होती' याला अर्थ उरत नाही. आपल्याकडे २०१३ च्या दुरुस्तीने कलम ३७० मध्ये हेच आलं, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. पण १९८५ चा अमली पदार्थ कायदा बघा. २५० ग्रॅम हेरॉइन म्हणजे व्यापारी प्रमाण. त्याहून जास्त सापडलं तर किमान १० वर्षं. आरोपीला त्याची जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं, आणि नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं. आता सांगा, 'उडता पंजाब'मधली मुलगी पाकीट हातात असताना पकडली असती तर कोण ठरली असती? आरोपी. आणि दोन आठवड्यांनी त्या खोलीत सापडली असती तर? पीडित. मुलगी तीच.

चित्रपटाच्या वेळचा वादही याच संदर्भात आठवतो. सेन्सॉर मंडळाला पंजाबचे उल्लेख काढून हवे होते. जून २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक कट ठेवून चित्रपटाला परवानगी दिली. निकाल योग्यच होता. पण राज्याच्या नावासाठी एवढी लढाई झाली, आणि ज्या मुलीवर सगळी कथा उभी आहे तिला जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर नावच नाही. आपण समाज म्हणून कशाची लाज बाळगतो, ते यात दिसतं.

आता शेवट. 'उडता पंजाब'मध्ये गोळीबार होतो, मुलगी सुटते आणि गोव्याच्या समुद्रावर पोहोचते. बरं वाटतं. आम्हालाही वाटलं. पण सुटका हा शेवट असतो का? 'सलाम बॉम्बे!' याचं उत्तर फार कठोर देतो. सोला साल एक दिवस गिऱ्हाइकाबरोबर गाडीत बसून हसत निघून जाते, आणि जीव टाकणाऱ्या कृष्णाला ओळखही देत नाही. रेखाची लहानगी मंजू सरकारी संस्थेत नेली जाते, आणि आई धंदा करते म्हणून तिला परत मिळत नाही. म्हणजे सुटकेनेही एक घर मोडतं. शेवटी गणपतीच्या मिरवणुकीत, लाखांच्या गर्दीत, कृष्णा एकटा.

हे नुसतं पडद्यावरचं म्हणाल, तर १९९६ आठवा. फेब्रुवारीत मुंबईच्या वस्तीवर धाडी पडल्या, शेकडो मुली बाहेर काढल्या, त्यांत नेपाळी मुली पुष्कळ होत्या. पुढे काय? त्या कित्येक महिने संस्थांमध्ये अडकल्या, कारण त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकारच कचरत होतं. स्वयंसेवी संस्थांनी शंभरावर मुली घरी नेल्या. त्यांतल्याच काहींनी तिकडे 'शक्ती समूह' उभा केला. स्वतः यातून गेलेल्या बायकांनी चालवलेली ही संघटना, तिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे गर्दुल्ला हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता, त्याच काळात, १९८६ मध्ये, पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं आणि त्या माणसाला रुग्ण म्हटलं. दोन्हीकडे कामाला सुरुवात झाली ती सुटकेनंतर, जिथे बहुतेक चित्रपट संपतात.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. 'उडता पंजाब' हा ताकदीचा चित्रपट आहे, त्या बंद खोलीपुरता तर फारच. पण शेवटी तो आपल्याला मोकळं सोडतो. 'सलाम बॉम्बे!' सोडत नाही, म्हणून तो आम्हाला मोठा वाटतो. यापुढे या विषयावरचं काहीही बघाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. कर्ज कुणाच्या नावावर आहे? घेणारा दाखवला आहे का? आणि सुटल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी कुठे आहे?

तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.