इंग्रजी वाक्संप्रदाय आणि आमचीं ‘गाइडें’

परभणीच्या बाजारांत मिळणारीं इंग्रजी वाक्संप्रदायांचीं चार-पांच पुस्तकें आम्हीं नुकतींच चाळलीं. डावीकडे इंग्रजी प्रयोग, उजवीकडे मराठी अर्थ, मध्यें एक रेघ. इतक्या सरळ रचनेंत चूक शिरण्यास जागाच नसावी असें प्रथम वाटतें.

पाथरी तालुक्यांतील एका खेड्यांतून आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याचे जुने मुख्याध्यापक वारले. त्यांचे चिरंजीव परदेशीं असतात, म्हणून इंग्रजींत लिहिणें अधिक शोभेल असें समजून त्यानें सांत्वनपत्र धाडलें आणि त्याची प्रत कौतुकानें आम्हांस दाखविली. तींत पूज्य गुरुजींनीं ‘किक्ड द बकेट’ असें लिहिलें होतें! पुस्तकांत समोर ‘मरण पावणें’ एवढेंच छापलेलें. ‘गुरुजी गचकले’ असें मराठींत लिहिण्यास ह्या मुलाचा हात कधींच धजला नसता. अर्थ कळल्यावर तो बराच वेळ खालीं मान घालून बसला. दुसरें पत्र त्यानें मराठींत लिहिलें.

देवाज्ञा होणें, वारणें, राम म्हणणें, गचकणें ह्या साऱ्यांचा अर्थ एकच. पण कोणाविषयीं कोणता शब्द वापरावा हें आमच्या घरांतील पांच वर्षांच्या मुलासही उमजतें. यादी करणाऱ्यासही तें ठाऊक असतेंच. इंग्रजी प्रयोगाला मात्र तो अशी कांहीं पायरी असते हेंच विसरतो.

दुसरें उदाहरण अधिक फसवें आहे. बदकाच्या पाठीवरील पाण्याचा इंग्रजी प्रयोग आणि आमचें ‘पालथ्या घड्यावर पाणी’ ह्यांची जोडी कित्येक पुस्तकांत लावलेली असते. पाणी दोन्हीकडे ओघळतें हें खरें. पण घडा पालथा असणें हा घड्याचा दोष. त्यांत उपदेश फुकट गेल्याची खंत आहे. बदकाला मात्र टीका लागत नाहीं, आणि त्यांत पुष्कळदां थोडें कौतुकही असतें. पावसाच्या बाबतींत असा धोका नाहीं. इंग्रज कुत्रीं-मांजरें पाडतो, रशियन बादलीनें ओततो, आम्ही मुसळाच्या धारा धरतों. भिजतात सारे सारखेच. (कुत्र्या-मांजरांचा प्रयोग आतां जुनकट वाटतो, हेंही कोणी मुलांस सांगत नाहीं.)

परकी वाक्संप्रदाय आमच्याकडे येऊन पालटतात तो प्रकार निराळा. इसापाच्या सिंहानें सगळी शिकार बळकावली. आम्ही ‘सिंहाचा वाटा’ सत्कारसभेंत पाहुण्यांच्या गळ्यांत घालतों. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. रूढीनें तो आतां मराठीच झाला आहे.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. आमच्या वडिलांच्या पिढीनें उर्दू शाळेंत गिरविली खरी, पण तिचे वाक्संप्रदाय उचलले ते कचेरींत आणि बाजारांत, बोलणाऱ्याचा चेहरा पाहून. आजच्या मुलासमोर तो चेहरा नाहीं, म्हणूनच पुस्तकावर भार अधिक. मोल्स्वर्थ परका, तरी त्याच्या १८३१ च्या व पुढें १८५७ च्या सुधारलेल्या कोशांत मराठी प्रयोग कोणास व कोणत्या प्रसंगीं लागतो हें तो ठिकठिकाणीं सांगत जातो. तेवढी काळजी आमच्या गाइडकारांनीं इंग्रजीची कां घेऊं नये?

प्रत्येक प्रयोगापुढें तो कोणी, कोणाविषयीं वापरावा ह्याची एक ओळ आणि एक वाक्य द्यावें. पुस्तक जाड होईल, किंमत वाढेल, ही प्रकाशकांची अडचण खोटी नाहीं. मग हजार वाक्संप्रदायांऐवजीं दोनशेंच छापावे.